दृष्टीआडचें हिम

'दृष्टीआड सृष्टि' ही म्हण आपल्याकडे बहुधा समाधानासाठीं वापरतात. जें दिसत नाहीं त्याबद्दल जिवाला त्रास करून घेऊं नये, असा तिचा व्यवहारांतला अर्थ. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही म्हण पदोपदीं बोंचते. जें कोणी पाहिलें नाहीं, पाहून लिहून ठेविलें नाहीं, तें घडलें असूनहि न घडल्यासारखें होऊन बसतें, आणि मग त्याच्या नांवानें हळहळण्यासहि कोणी उरत नाहीं. ज्या विषयावर मी आज लिहिणार आहें तो या म्हणीचा चांगलाच मासला आहे. बर्फावरून व हिमावरून घसरण्याचे, धांवण्याचे आणि उड्या मारण्याचे जे खेळ युरोप-अमेरिकेच्या थंड मुलुखांत वाढले, त्यांचा दूरचित्रवाणीवरील इतिहास हा तो विषय. आणि तोहि जालना जिल्ह्यांतील एका प्रेक्षकाच्या बाजूनें पाहिलेला.

वाचक हंसतील हें मी धरूनच चाललों आहें. जालना म्हटलें कीं मोसंबी, बियाणें, लोखंडी सळया आणि अवर्षण हीं चार नांवें डोळ्यांपुढें येतात. हिमाचें नांव पांचवें म्हणूनहि कोणी घेणार नाहीं. तरी गेलीं चाळीस वर्षें मी हे खेळ, जेव्हां व जेथें दिसतील तेव्हां व तेथें, मोठ्या आवडीनें पाहत आलों आहें. व्यवसायानें इतिहासाचा अध्यापक असल्यामुळें पाहिलेल्या प्रत्येक प्रक्षेपणाची तारीख आणि वेळ टिपून ठेवण्याची खोडहि मला लागली आहे. १९८८ पासूनची ही वही आतां माझ्यापुढें आहे. तिच्यांत जें आहे त्याहून जें नाहीं तें मला अधिक महत्त्वाचें वाटूं लागलें आहे, व त्याकरितांच हा लेख.

प्रथम शब्दांचा विचार करूं. थंडीचे जे प्रकार आपल्या अनुभवांतले आहेत त्यांना मराठींत चांगले शब्द आहेत : दंव, दहिंवर, धुकें, हींव, गारठा, गारा. महाबळेश्वरीं वेण्णा तलावाच्या कांठीं एखाद्या पहाटे दंव गोठलें कीं वर्तमानपत्रें दुसऱ्या दिवशीं 'हिमकण' म्हणून ठळक मथळा देतात. तेवढीच महाराष्ट्राची हिमसंपत्ति. परंतु आकाशांतून पिंजलेल्या कापसासारखें जें उतरतें तें, आणि पाणी गोठून दगडासारखें जें होतें तें, या दोहोंना आपण बोलतांना एकच फारसी शब्द लावतों, तो म्हणजे बर्फ. हिवाळी खेळांच्या मराठी प्रेक्षकाची पहिली अडचण हीच. पहिल्यावर पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगर उतरतात; दुसऱ्यावर बुटांच्या तळाशीं पोलादी पातीं लावून छपराखालीं गिरक्या घेतात. दोन्ही खेळांचे गुण निराळे, धोके निराळे, माणसेंहि निराळीं. या लेखापुरतें मी पहिल्याला हिम व दुसऱ्याला बर्फ म्हणेन, आणि दोहोंवरील खेळांना मिळून हिमक्रीडा.

बर्फ मराठी मुलुखांत प्रथम आला तो खेळण्याकरितां नव्हे, खाण्यापिण्याकरितां. १८३४ सालीं अमेरिकेंतील बोस्टनकडच्या तळ्यांतून कापलेल्या लाद्या भुशांत बांधून जहाजानें मुंबईस आल्या, आणि त्यांच्यासाठीं कोटांत एक वखार उभारण्यांत आली. शेट जमशेटजी जिजीभाई यांनीं एका मेजवानींत आइस्क्रीम वाढलें व दुसऱ्या दिवशीं यजमान आणि पाहुणे दोघेहि पडशानें शिंकूं लागले, ही गोष्ट मुंबईच्या जुन्या हकिकतींतून मोठ्या चवीनें सांगितली जाते. पुढें यंत्रानें बर्फ तयार होऊं लागला आणि तो लांब पल्ल्याचा व्यापार बुडाला. पण बर्फाची आमची कल्पना मात्र तीच राहिली. भुशांतली लादी आणि जत्रेंतला रंगीत गोळा, यांपलीकडे ती आमच्या गांवांत कधीं गेली नाहीं.

खेळाच्या बाजूनें मराठी माणूस बर्फाच्या अगदीं जवळून गेला तो १९२० सालीं. त्या वर्षीं अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानाचें पहिलें पथक गेलें, तें पुण्याच्या डेक्कन जिमखान्याची खटपट आणि दोराबजी टाटांचें साह्य यांच्या बळावर, हें सर्वांस ठाऊक आहे. बेळगांवचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्यें १९ वा आला. कोल्हापूरच्या तालमींत तयार झालेला रणधीर शिंदे कुस्तींत चौथा आला. जें फारसें ठाऊक नाहीं तें असें कीं, त्याच ऑलिंपिकांत बर्फावरील हॉकी आणि बर्फावरील नृत्य हे दोन्ही खेळ होते. मात्र ते एप्रिल महिन्यांतच उरकून घेण्यांत आले होते, आणि आमचे गडी तेथें उतरले तेव्हां ऑगस्ट उजाडला होता. एकाच सामन्यांच्या इतिवृत्तांत चौगुल्यांचें नांव आणि बर्फावरील हॉकीपटूंचीं नांवें एकत्र वाचावयास मिळतात. प्रत्यक्षांत चौगुल्यांनीं तो बर्फ पाहिलाहि नाहीं. चार वर्षांनीं, १९२४ च्या जानेवारी-फेब्रुवारींत, फ्रान्समधील शामोनी येथें १६ राष्ट्रांचा 'हिवाळी क्रीडासप्ताह' भरला व मागाहून त्यालाच पहिलें हिवाळी ऑलिंपिक हें नांव मिळालें. तेव्हांपासून हिवाळी खेळांचें घर वेगळें झालें, आणि उन्हाळी ऑलिंपिकला जाणाऱ्या आमच्या गड्यांचा त्या बाजूशीं चुकून येणारा संबंधहि संपला.

आतां दूरचित्रवाणी. या यंत्राचा आणि हिमक्रीडांचा संबंध वाटतो त्याहून घट्ट आहे. क्रिकेट ऐकतां येतें. बाळ ज. पंडित यांनीं आकाशवाणीवरून मराठींत समालोचन करून तें घरोघर ऐकविलें, आणि ज्यांनीं कधीं पुण्या-मुंबईचें मैदान पाहिलें नाहीं अशा आमच्याकडील शेतकऱ्यांच्या तोंडीं खेळाची सारी परिभाषा बसली. कुस्ती तर ऐकण्यापेक्षां सांगण्यांतच अधिक रंगते. परंतु डोंगरावर रोंवलेल्या निशाणांमधून नागमोडी वळणें घेत खालीं येणारा माणूस ऐकवावा कसा? तेथें जय-पराजयाचें अंतर सेकंदाच्या शतांशांत मोजतात. एका मागोमाग एक उतरणारे ऐंशी जण कानाला सारखेच. इतकेंच काय, जो प्रेक्षक तेथें जाऊन थंडींत कुडकुडत उभा राहतो त्यालाहि एखादें वळण दिसतें, आणि तें दिसलें कीं तो गडी त्याच्यापुरता नाहींसा होतो. माथ्यापासून पायथ्यापर्यंतची सबंध धांव एकसलग पाहणारा जगांतला पहिला माणूस म्हणजे दूरचित्रवाणीचा प्रेक्षक. हे खेळ कोचावर बसून पाहणाऱ्याला जितके समजतात तितके डोंगरावर उभ्या असलेल्याला समजत नाहींत, हें माझें विधान आळशाचें समर्थन म्हणून नव्हे, इतिहासाची वस्तुस्थिति म्हणून घ्यावें.

या दोघांची पहिली मोठी भेट १९५६ सालीं इटलींतील कोर्तिना दाम्पेत्सो येथें झाली. दूरचित्रवाणीवरून थेट दाखविलेलें तें पहिलें हिवाळी ऑलिंपिक. उद्घाटनाच्या वेळीं पायांत स्केट घालून मशाल घेऊन येणारा गुइदो कारोली बर्फावरून जातां जातां एका तारेला अडखळून पडला, आणि ती तार दूरचित्रवाणीवाल्यांचीच होती. मशाल विझली नाहीं, एवढें बरें झालें. पुढें १९६० सालीं अमेरिकेंतील स्क्वॉ व्हॅली येथील सामन्यांच्या चित्रणाचे हक्क तिकडील एका कंपनीनें ५०,००० डॉलरांस घेतले. तेथें एका स्पर्धकानें निशाण चुकविलें कीं नाहीं याचा पंचांना संशय आला, तेव्हां त्यांनीं मुद्रित फीत पुन्हां पाहूं द्या म्हणून विनंती केली. आणि घडलेला क्षण लागलीच परत दाखविण्याची जी पद्धत आज क्रिकेटच्या प्रत्येक पायचीतीला आपण गृहीत धरतों, तिची कल्पना या प्रसंगांतून सुचली असें सांगतात. म्हणजे आमच्या क्रिकेटवरहि त्या दूरच्या हिमाचें थोडें ऋण आहे.

हें तिकडे चाललें असतां इकडे काय होतें? दिल्लींत १९५९ च्या सप्टेंबरांत दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. मुंबईस १९७२ च्या २ ऑक्टोबरला केंद्र उघडलें. मराठवाड्याला आणखी बरीच वाट पाहावी लागली. १९८१ च्या १ मे रोजीं औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे तालुके काढून जालना जिल्हा झाला, पुढील वर्षीं दिल्लीच्या आशियाई सामन्यांच्या निमित्तानें देशांत रंगीत चित्र आलें, आणि १९८४ मध्यें तर कांहीं महिने देशांत जवळजवळ रोज एक प्रक्षेपक उभा राहत होता. म्हैसमाळच्या डोंगरावरील मनोऱ्याकडे तोंड करून जालन्याच्या माळवदांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे सांगाडे उगवले. एक जण वर जाऊन काडी फिरवी, दुसरा जिन्यांतून ओरडे, आणि तिसरा घरांत पडद्यासमोर बसून निकाल सांगे. चित्र नीट न आल्यास पडद्यावर जो पांढरा-काळा चुरचुराट माजे त्याला इंग्रज लोक 'हिम' म्हणतात; आमच्याकडे त्याला 'मुंग्या' म्हणतात. ज्याच्या अंगणांत जें पडतें तेंच त्याला पडद्यावर दिसतें! मुंग्यांच्या गर्दींतून खरें हिम ओळखून काढणें हें त्या काळीं माझ्यासारख्या पोरांचें एक कसबच होऊन बसलें होतें.

१९८४ च्या फेब्रुवारींत सारायेव्हो येथें जेन टॉर्व्हिल आणि ख्रिस्तोफर डीन या इंग्रज जोडीनें राव्हेलच्या 'बोलेरो'वर जें नृत्य केलें, त्याची अर्ध्या मिनिटाची झलक शेजारच्या घरीं बातम्यांच्या शेवटीं मीं पाहिली. पुढें कळलें कीं कलागुणांसाठीं नऊच्या नऊ परीक्षकांनीं त्यांस पूर्ण ६ गुण दिले होते. मला त्या वेळीं एवढेंच दिसलें कीं दोन माणसें चालत नव्हतीं आणि धांवतहि नव्हतीं, तरी पुढें जात होतीं. ज्या गांवांत फरशीवर पाणी सांडलें असतां माणूस कंबर मोडून घेतो, तेथल्या मुलाला तें पाहून काय वाटलें असेल याची कल्पना वाचकांनीं करावी. त्या अर्ध्या मिनिटानंतर पुढील चार वर्षें अशा झलकींची वाट पाहण्यांत गेलीं.

१९८८ चें कॅल्गरी येथील ऑलिंपिक माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आहे. दिवस १६, नोंदी ५, एकूण वेळ सुमारें अकरा मिनिटें. या अकरा मिनिटांत फिनलंडचा मात्ती न्युकानेन उडाला. जाड चष्मा लावून उड्या मारणारा आणि दोन्ही वेळां शेवटून पहिला आलेला इंग्रज एडी एडवर्ड्स दिसला. जमैकाच्या चौघांची घसरगाडी भिंतीवर आदळून उलटली तीहि दिसली. उष्ण देशांतल्या लोकांनीं बर्फावर जावें याचें जगाला त्या वर्षीं मोठें कौतुक वाटलें. महाविद्यालयाच्या वाचनालयांत जमैकावर दोन दिवस चर्चा झाली.

जें दिसलें नाहीं तें असें. त्याच कॅल्गरींत भारताचें तिघांचें पथक होतें. त्यांतील शैलजा कुमार ही हिवाळी ऑलिंपिकांत उतरलेली पहिली भारतीय स्त्री. स्लॅलमच्या शर्यतींत, म्हणजे त्याच निशाणांमधल्या नागमोडी उतारांत, ती २८ वी आली. 'अठ्ठाविसावी' हा शब्द ऐकून कोणी नाक मुरडूं नये. त्या शर्यतींत अनेक जणी वाटेंतच पडल्या किंवा निशाण चुकून बाद झाल्या. दोन्ही फेऱ्या पुऱ्या करून खालीं येणें हीच तेथें पहिली परीक्षा असते, आणि तींत ती उतरली. तिच्यापूर्वी चोवीस वर्षें, १९६४ मध्यें इन्सब्रुक येथें, जेरेमी बुजाकोव्स्की हा पोलंडांत जन्मलेला गृहस्थ भारताच्या नांवानें पहिल्यानें उतरला होता, आणि १९६८ मध्यें ग्रेनोबलला पुन्हां. या कोणत्याहि गोष्टीचा पत्ता मला १९८८ मध्यें नव्हता. जमैकाच्या घसरगाडीविषयीं वाद घालणाऱ्या आम्हां तरुणांपैकीं एकालाहि हें ठाऊक नव्हतें कीं, त्याच डोंगराळ गांवीं त्याच पंधरवड्यांत आपली एक मुलगी निशाणांमधून खालीं उतरली आहे. मला तिचें नांव कळलें तें पुष्कळ वर्षांनीं, एका संदर्भग्रंथाच्या परिशिष्टांत, दुसरेंच कांहीं शोधीत असतां.

याचा दोष कोणाला द्यावा? त्या दिवसांत परदेशांतून आलेल्या फितींतून बातमी बनविणाऱ्याला जेवढें मिळे तेवढेंच तो दाखवी, आणि फिती बनविणारे आपापल्या देशाचे गडी व ज्यांचें जगांत हंसूं होतें ते गडी एवढेच त्यांत घालीत. अठ्ठाविसाव्या क्रमांकाला त्यांत जागा असण्याचें कारणच नव्हतें. ज्याला जागा द्यावी असें वाटलें असतें तो भारतीय प्रेक्षक फिती बनवीत नव्हता. पुराभिलेखागारांत बसून मीं हाच अनुभव वारंवार घेतला आहे : निजामाच्या राजवटींतील मराठवाड्याचे जे कागद आहेत ते महसुलाचे आहेत, कारण कागद करणाऱ्याला महसूल हवा होता. शेतकऱ्याच्या घरांत काय चाललें होतें तें त्यांत सांपडत नाहीं.

१९९१ नंतर उपग्रहावरून हाँगकाँगच्या वाहिन्या आल्या आणि गल्लोगल्लीं केबलवाले झाले. यांनीं माझी वही जाड केली. ज्या रात्रीं क्रिकेट नसे त्या रात्रीं क्रीडावाहिनीला वेळ कशानें तरी भरावयाचा असे, आणि मग अकरा-बारानंतर कोठल्याशा आल्प्समधील उड्या दीड-दीड तास चालत. गल्लींतला केबलवाला एकदां मला म्हणाला, "सर, हें अख्ख्या लाइनवर तुम्ही एकलेच बघतां." त्याचें म्हणणें खरें असावें. मला त्या उड्यांचा विलक्षण नाद लागला. यान बोक्लेव्ह नांवाच्या स्वीडिश गड्यानें हवेंत पायांच्या पट्ट्या समांतर न ठेवतां पुढें फांकवून उडण्यास आरंभ केला होता. परीक्षक त्याचे डौलाचे गुण कापीत, आणि तरी तो इतरांच्या पुढें जाऊन पडे. १९८८-८९ मध्यें त्यानें विश्वचषक जिंकला, आणि थोड्याच वर्षांत सगळे तसेच उडूं लागले. डौलाची व्याख्या बदलावी लागली. एका खेळाच्या बाबतींत शिष्टमान्य सौंदर्यकल्पना अशी डोळ्यांदेखत हरलेली मीं दुसरीकडे पाहिली नाहीं. साहित्यांत हें व्हावयास एक पिढी तरी जावी लागते.

येथें एका माजी विद्यार्थ्याची आठवण होते. तो सैन्यांत गेला, सियाचीनच्या बाजूस राहून आला, आणि रजेवर असतां एका रात्रीं माझ्याकडे बसला होता. पडद्यावर बायॅथलॉन चालू होतें. पाठीला बंदूक लावून हिमावर मैलोगणती धांवावयाचें, मग एकदम थांबून धांपा टाकीत पांच लक्ष्यें टिपावयाचीं, असा हा खेळ. मी त्याला सांगत होतों कीं याचा उगम नॉर्वेच्या सैन्यांत आहे, आणि १९२४ मध्यें शामोनीला तो लष्करी गस्तीच्या रूपानेंच खेळला गेला. त्यानें तें ऐकून घेतलें व म्हणाला, "सर, याला खेळ म्हणायला हरकत नाहीं. पण यांना संध्याकाळीं खालीं जायला मिळतें." तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं आमच्या जिल्ह्यांत हिम पाहिलेलीं माणसें आहेत. तीं हौशी प्रवासी नाहींत. १९८४ च्या एप्रिलपासून सैन्य त्या हिमनदीवर आहे, आणि आमच्या तालुक्यांतलीं मुलें तेथें जाऊन आलीं आहेत. भारतांतील हिमक्रीडाहि बव्हंशीं लष्कराच्या व सीमादलांच्या आधारानेंच उभी आहे. गुलमर्गची सैनिकी शाळा नसती तर ऑलिंपिकला जाणाऱ्यांत कित्येक नांवें नसतीं. हौसेच्या जोरावर वाढलेला खेळ आमच्याकडे मात्र कर्तव्याच्या पाठीवर बसून आला.

१९९८ मध्यें जपानांतील नागानोला शिव केशवन हा मनालीचा सोळा वर्षांचा मुलगा ल्यूजमध्यें उतरला. छोट्या घसरगाडीवर उताणें निजून, पाय पुढें करून, ताशीं सव्वाशें किलोमीटरांवर वेगानें बर्फाच्या नळींतून जावयाचें, आणि वेळ सेकंदाच्या सहस्रांशांत मोजावयाचा, असा तो प्रकार. हा मुलगा गाडीला चाकें लावून हिमालयांतल्या रस्त्यांवर, मोटारी-मेंढरें चुकवीत सराव करीत असे. त्या वर्षीं भारताचा तो एकटाच स्पर्धक, आणि तो २८ वा आला. तोच क्रमांक! माझ्या वहींत नागानोच्या नोंदी एकोणीस आहेत. त्यांत केशवनचें चित्र नाहीं. वर्तमानपत्रांतल्या चार ओळी कापून मीं तेथें चिकटविल्या आहेत. पुढें तो सलग सहा ऑलिंपिक खेळला. त्यांतील २००६ व २०१० चीं दोन माझ्या बाबतींत भारनियमनानें खाल्लीं, कारण त्या वर्षांत आमच्याकडे विजेचे तास मोजूनच मिळत. १२ फेब्रुवारी २०१० रोजीं व्हँकूव्हरजवळ सरावांत नोदार कुमारिताश्विली हा जॉर्जियाचा तरुण त्याच ल्यूजवरून फेंकला जाऊन मेला. ती बातमी मला विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवरून कळली, आणि रात्रीं वीज आली तेव्हां पहिल्यानें मनांत आलें तें केशवनचें.

२०१४ चें सोची मी नीट पाहिलें. आपली ऑलिंपिक संघटना त्या वेळीं निलंबित असल्यामुळें केशवनला ऑलिंपिकच्या ध्वजाखालीं उतरावें लागलें. त्याची शर्यत ८ व ९ फेब्रुवारीला झाली आणि निलंबन ११ तारखेस उठलें. दोन दिवसांनीं तिरंगा हुकला. सोचीला हिम पुरणार नाहीं म्हणून आयोजकांनीं आदल्या हिवाळ्यांतलें लक्षावधि घनमीटर हिम आच्छादनाखालीं झांकून ठेविलें होतें, हें मी वर्गांत कौतुकानें सांगितलें होतें. तो सोहळा २३ फेब्रुवारीस संपला, आणि संपतां संपतां मराठवाड्यांत गारपीट सुरू झाली. मार्चच्या मध्यापर्यंत ती ठिकठिकाणीं होत राहिली. मोसंबीच्या बागांत झाडांखालीं पांढरा थर सांचला, गहूं आडवा झाला, पक्षी मेले. वर्गांतला एक मुलगा, ज्याच्या घरची बाग गेली होती, मला म्हणाला, "सर, तुमचं सोची आमच्या वावरांत आलं." त्यानें तें रागानें म्हटलें नव्हतें. मीं त्या वर्षीं पुन्हां हिमाचें कौतुक वर्गांत केलें नाहीं.

पाण्याचाहि प्रश्न आहे. १९८० च्या लेक प्लॅसिड येथें ऑलिंपिकला प्रथम यंत्रानें बनविलेलें हिम वापरलें. २०२२ च्या बीजिंगला तें जवळजवळ सर्व यंत्राचेंच होतें, आणि ज्या डोंगरांवर तें पसरलें ते कोरडे, कमी पावसाचे होते. त्यासाठीं १८ कोटि लिटरांहून अधिक पाणी लागेल असा अंदाज होता. हा आंकडा जालन्यांत बसून वाचणें वेगळें. २०१२-१३ च्या दुष्काळांत आमचा घाणेवाडी तलाव कोरडा पडला होता. नळाचा दिवस पंचांगांतल्या सणासारखा मोजावा लागे. तपकिरी डोंगरावर मध्येंच पांढरी पट्टी अंथरलेली त्या पडद्यावर दिसली तेव्हां खेळाइतकेंच लक्ष त्या पट्टीच्या कडेकडे जाऊं लागलें. आल्प्समध्येंहि आतां तशाच पट्ट्या दिसतात. हौस म्हणून जे खेळ पाहावयास लागलों, ते हळूंहळूं हवामानाचा इतिहास दाखवूं लागले आहेत.

बीजिंगलाहि भारताचा एकच स्पर्धक होता, गुलमर्गजवळचा आरिफ खान. या वेळीं निदान तो दिसेल अशी माझी आशा होती, कारण प्रक्षेपण खुद्द दूरदर्शनवर व्हावयाचें होतें. परंतु गलवानच्या चकमकींत जखमी झालेल्या एका चिनी सेनाधिकाऱ्याच्या हातीं त्या सरकारनें मशाल दिली. त्यावर भारत सरकारनें उद्घाटन व समारोप या दोन्ही समारंभांस आपला राजदूत-प्रतिनिधि न पाठविण्याचें जाहीर केलें, आणि दूरदर्शननें ते दोन्ही समारंभ थेट न दाखविण्याचें ठरविलें. वीस जवानांच्या मृत्यूवर असें मीठ चोळलें गेलें असतां कोणतेंहि स्वाभिमानी सरकार स्वस्थ बसलें नसतें. या निर्णयाला माझी तक्रार नाहीं. तरी इतिहासाच्या वहींत त्याची दुसरी बाजूहि लिहिली पाहिजे. त्या समारंभांत तिरंगा हातीं घेऊन चालणारा एकटा काश्मिरी तरुण आमच्या पडद्यावरून वगळला गेला. अपमान चीननें केला, उत्तर दिल्लीनें दिलें, आणि त्याची किंमत, फार नाहीं, दोन मिनिटांची, आरिफनें चुकती केली. १३ फेब्रुवारीला पडत्या हिमांत जायंट स्लॅलमच्या दोन्ही फेऱ्या त्यानें पुऱ्या केल्या आणि तो ४५ वा आला. ती धांव मीं मागाहून आंतरजालावर पाहिली, चार वेळां. तिसऱ्या वेळीं मला त्याचें डावें वळण उजव्याहून चांगलें आहे असें दिसलें, आणि फार वर्षांनीं प्रथमच आपल्या माणसाच्या खेळांतला दोष काढण्याचें सुख मिळालें. क्रिकेटच्या प्रेक्षकाला तें रोज मिळतें.

आतां पाहण्याची अडचण पूर्वीसारखी उरलेली नाहीं. २०२० पासून गुलमर्गला आणि पुढें लेहलाहि राष्ट्रीय हिवाळी सामने भरतात. लेहच्या गोठलेल्या बर्फावर महाराष्ट्राचीं मुलें पदकें मिळवितात. त्यांतील पुष्कळांचा पाया आपल्याकडील सिमेंटच्या मैदानांवर, चाकांच्या स्केटवर तयार झालेला असतो, म्हणजे केशवनचीच रीत. त्यांच्या शर्यती हातांतल्या यंत्रावर पाहतां येतात, आणि मी पाहतों. मराठींत त्यांचें समालोचन कोणी करीत नाहीं. करूं म्हटलें तर प्रथम हिम व बर्फ यांतला भेदच ठरवावा लागेल, मग घसरणें, निसटणें, सरकणें, गिरकणें या आपल्या जुन्या क्रियापदांना कामास लावावें लागेल. तीं पुरतील असें मला वाटतें.

वहींतलीं जुनीं रिकामीं पानें भरण्याचा उद्योग मीं अलीकडे आरंभिला आहे. ग्रेनोबल, नागानो, सोची येथलें कांहीं ना कांहीं सांपडतें. कॅल्गरीच्या त्या स्लॅलमचें चित्रणहि सांपडलें. पहिल्या तिघींच्या दोन्ही फेऱ्या त्यांत आहेत, पडलेल्यांतल्याहि कांहीं जणी आहेत, आणि त्यानंतर बक्षिससमारंभ आहे. अठ्ठाविसावी त्यांत नाहीं. जगांतील कोठल्या तरी तळघरांत सबंध शर्यतीची फीत असेल. तिचा ठावठिकाणा विचारणारीं दोन पत्रें मीं पाठविलीं आहेत.